रुग्णालयातून घरी आल्यावर उरलेला आजार: लक्षणं, जोखीम आणि अनुभव

निशिगंध

बाबांना करोनाचा न्यूमोनिया झाला होता. आधी हाय-फ्लो ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर, पालथं झोपवणं, स्टेरॉइड, सगळ्यातून गेले आणि वाचले. डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती स्थिर' असा शेरा होता. आम्ही धरून चाललो की आता थोडे दिवस अशक्तपणा राहील आणि मग गाडी रुळावर येईल. कित्येक महिने उलटले, तरी तसं झालेलं नाही.

अंघोळ करून बाहेर आले की पलंगाच्या कडेवर टेकतात, टॉवेल तसाच खांद्यावर असतो, आणि दम ओसरेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. रात्री दचकून उठतात आणि आपण कुठे आहोत हे कळायला त्यांना क्षणभर लागतो. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा आहे. मध्यंतरी केस मूठ मूठ गळले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सगळं 'नॉर्मल'.

एका डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, ताकद आपोआप येईल. दुसऱ्यांनी सांगितलं, पूर्ण विश्रांती घ्या. नातेवाइकांचं म्हणणं, मनावर घेऊ नका. बाबा कधी हट्टानं चालतात, कधी दिवसभर पडून राहतात. इथे कोणी औषध सुचवावं अशी अपेक्षा नाही. असं किती जणांना होतं, कोणाला होण्याची शक्यता जास्त असते, आणि मुख्य म्हणजे माणसाला चालवायचं की झोपू द्यायचं, एवढं समजून घ्यायचं आहे.

---

रानवारा

निशिगंध, मी फिजिशियन आहे आणि असे बरेच रुग्ण पाहतो. बाबांना न तपासता निदान सांगणार नाही, पण तुमचा गोंधळ का होतोय ते सांगू शकतो.

आधी किती जणांना, ते. वूहानमधून घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा 'लॅन्सेट'मध्ये २०२१ साली आला. १२७६ जणांपैकी सहा महिन्यांनी ६८ टक्के लोकांना काही ना काही लक्षण उरलं होतं, वर्षभरानं ४९ टक्के. यातले बहुतेक व्हेंटिलेटरवर गेलेलेही नव्हते. त्याच अभ्यासात, आजारापूर्वी नोकरी करणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोक वर्षभरात मूळ कामावर परतले होते, हेही सांगायला हवं. ब्रिटनमधल्या 'फॉस्प-कोविड' अभ्यासात रुग्णालयातून घरी गेलेल्यांना विचारलं की तुम्हाला पूर्ण बरं वाटतंय का. पाच महिन्यांनी साधारण २६ टक्के 'हो' म्हणाले, वर्षभरानं २९ टक्के. म्हणजे पाच ते बारा महिन्यांच्या काळात फारसा फरक पडला नाही. बाबा एकटे नाहीत आणि ते कल्पना करत नाहीत, एवढं घरात सगळ्यांना सांगा.

आता गोंधळाचं कारण. रुग्णालयातून आलेल्या माणसात चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, विषाणूनं आणि दाहानं अवयवांना केलेली इजा: फुप्फुसात उरलेले व्रण, हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, रक्ताच्या गुठळ्या. दोन, आयसीयूत राहिल्याचे परिणाम, जे कुठल्याही कारणानं आयसीयूत गेलेल्याला होतात. तीन, उपचारांचे परिणाम, त्यात स्टेरॉइड सगळ्यात वर. आणि चार, संसर्ग ओसरल्यावर सुरू राहणारा किंवा नव्यानं उद्भवणारा आजार, ज्याला आपण लाँग कोविड म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली: आजारापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानानं उलगडा न होणारी लक्षणं.

या चारही गोष्टींची तक्रार रुग्णाच्या तोंडून एकाच वाक्यात येते, 'डॉक्टर, अंगात त्राण नाही'. उपाय मात्र वेगळे, कधी कधी एकमेकांच्या उलट. म्हणून तुमचे दोन्ही डॉक्टर कोणत्या तरी रुग्णाच्या बाबतीत बरोबर आहेत. बाबांच्या बाबतीत कोण बरोबर, हे आधी शोधायला हवं.

---

एकटा_पांथस्थ

मी आयसीयूतून आलेला आहे, म्हणून दुसऱ्या गोष्टीवर लिहितो.

स्नायू किती झपाट्यानं जातात याची घरच्यांना कल्पना नसते. गंभीर रुग्णांवर २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार दहा दिवसांत जवळपास १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. दहा दिवसांत! तो भरून यायला महिने लागतात. मला खुर्चीतून हात न टेकता उठता येत नव्हतं. शौचालयात कठड्याला धरून स्वतःला वर खेचावं लागायचं, आणि ते कोणाला सांगायची लाज वाटायची.

रात्रीचं दचकणं वाचून मात्र राहवलं नाही. निशिगंध ताई, बाबांना विचारा की आयसीयूत त्यांनी काय काय पाहिलं. मला खात्री होती की मला कुणीतरी डांबून ठेवलंय आणि सिस्टर मला विष टोचतायत. भिंतीवरून माणसं चालत होती. याला डिलिरियम म्हणतात, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये हे फार जणांना होतं. घरी आल्यावर ते तुकडे तुकडे आठवत राहतात, आणि खरं कुठलं नि भास कुठला ते लागत नाही. माझ्या पत्नीनं त्या दिवसांच्या नोंदी ठेवल्या होत्या, कोणत्या तारखेला नळी घातली, कधी काढली, हात का बांधले होते. मी नळी उपसत होतो म्हणून बांधले होते. ते वाचल्यावर माझी भीती निम्मी झाली. तुमच्याकडे नोंदी नसतील तर डिस्चार्ज कार्ड समोर घेऊन बसा आणि क्रमानं सगळं सांगा.

---

रानवारा

पांथस्थ, फार मोलाचं लिहिलंत. स्मरणशक्तीचा धागाही इथेच जोडतो. आयसीयूतून बाहेर आलेल्यांवरचा 'ब्रेन-आयसीयू' हा अभ्यास २०१३ चा, म्हणजे करोनाच्या आधीचा. तीन महिन्यांनी ४० टक्के रुग्णांची बौद्धिक चाचणीतली कामगिरी डोक्याला मध्यम दुखापत झालेल्या माणसाइतकी खाली होती. डिलिरियम जितके दिवस लांबला, तितका परिणाम जास्त. नाव न आठवणं हा आळस नाही आणि लगेच स्मृतिभ्रंश म्हणून घाबरायचंही कारण नाही.

मांडीचा बधिरपणा पालथं झोपवल्यामुळे असू शकतो. कमरेच्या पुढच्या हाडाजवळून जाणारी त्वचेची एक नस दाबली जाते. तिथे फक्त संवेदना जाते, ताकद जात नाही. पाय लुळा पडत असेल, पाऊल घसटत असेल, तर ते वेगळं आणि लवकर दाखवायला हवं. केसांचं म्हणाल तर मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात.

---

सायंतारा

मी फिजिओथेरपिस्ट. चालवायचं की झोपू द्यायचं, या प्रश्नावर लिहिते, कारण इथे चुकलं की नुकसान होतं.

माझ्याकडे कोणी आलं की मी पहिला प्रश्न 'किती चालता?' असा विचारत नाही. विचारते, 'चाललात त्याच्या दुसऱ्या दिवशी कसं वाटतं?' आणि उत्तर नीट ऐकते.

फक्त स्नायू गेलेल्या माणसाचं उत्तर असतं: पाय भरून आले, मांड्या दुखल्या, झोपलो, सकाळी पुन्हा उठून चाललो. त्याला व्यायाम हवाच. हळूहळू वाढवत नेलेला, पण हवाच. पडून राहिला तर उरलेलं बळही जाईल.

दुसऱ्या माणसाचं उत्तर असं येतं: चालताना ठीक होतो, उलट बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या, अंग फ्लू झाल्यासारखं मोडून आलं, डोकं चालेना, घसा दुखला, आणि त्यातून वर यायला अनेक दिवस गेले. श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण. शरीराच्या श्रमानंतर येते तशी डोक्याच्या कामानंतर किंवा भावनिक ताणानंतरही येते. अशा माणसाला 'रोज दहा टक्के वाढवा' सांगणं धोक्याचं आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. तिथे आपलं काम मर्यादा शोधून तिच्या आत राहायला शिकवणं.

दोन्ही एकाच माणसात असतात तेव्हा आधी घसरण थांबवायची, मग स्नायूंकडे वळायचं.

---

जाईचा_मांडव

सायंतारा, तुम्ही लिहिलेला दुसरा माणूस म्हणजे मी. मी आयसीयूत गेलेच नाही. साध्या वॉर्डात थोडा ऑक्सिजन लागला आणि चालत घरी आले. सगळे म्हणाले, सुटलीस.

पुढे काय व्हायचं ते सांगते. जरा बरं वाटलं की राहिलेली कामं उरकायची. कपाट आवरलं, दोन फोन केले, संध्याकाळी फिरून आले. दुसऱ्या दिवशीही जेमतेम ठीक. तिसऱ्या दिवशी दात घासायला हात वर धरवेना. पडद्यातून येणारा उजेड सहन होईना. मग पडून राहायचं, बरं वाटलं की पुन्हा कपाट. हे चक्र मला एका वहीमुळे दिसलं. डाव्या पानावर केलेलं काम, उजव्या पानावर त्यानंतरच्या दोन दिवसांची अवस्था. 'फोन, भाऊ, अर्धा तास' हे कपाट आवरण्याइतकंच महाग पडतंय हे वहीतच कळलं.

आता मी बसून अंघोळ करते, काम अर्धं असतानाच थांबते, आणि बरं वाटतंय त्या दिवशी तर मुद्दाम थांबते. हे सगळ्यात अवघड आहे. पूर्ण बरी नाही, पण त्या खोल घसरणी क्वचित येतात.

---

कणखर

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नये. मोठ्या आजारानंतर अशक्तपणा राहतोच. त्याला नाव दिलं, वही ठेवली, रोज मोजमाप केलं की माणूस आजारातच अडकतो. माझे काका मनाच्या जोरावर उभे राहिले. रिपोर्ट नॉर्मल असताना रुग्णाला 'तुला काहीतरी झालंय' असं का सांगायचं?

---

सायंतारा

कणखर, तुमचे काका उभे राहिले याचा आनंदच आहे. मनाची उभारी लागते, मी ती नाकारत नाही. पण काकांचं दुखणं पहिल्या प्रकारचं असेल तर जोर लावणं हाच त्यांचा उपाय होता. जाई यांनी तोच जोर लावला तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या.

आणि 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे केलेले रिपोर्ट नॉर्मल. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये नेदरलँड्समधला अभ्यास आला. लाँग कोविड असलेले २५ जण आणि २१ निरोगी माणसं यांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे श्रमाच्या आधी आणि नंतर तपासले. रुग्णांच्या स्नायूपेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता घसरलेली होती आणि श्रमानंतर स्नायूंना झालेली इजा वाढलेली दिसली. आपण रोज करतो त्या रक्ततपासणीत यातलं काहीच दिसत नाही. माणूस खोटं बोलत नसतो, आपण योग्य ठिकाणी पाहिलेलं नसतं.

---

कणखर

हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसाचा प्रश्न पटला. जाई, तुमच्या कष्टांना कमी लेखायचं नव्हतं.

---

रानवारा

निशिगंध यांचा जोखमीचा प्रश्न राहिला होता.

वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी अशा: स्त्री असणं, वय चाळिशीच्या पुढे असणं, वजन जास्त असणं, धूम्रपान, दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार, मधुमेह, आधीची चिंता किंवा नैराश्य, आणि मूळ आजाराची तीव्रता, म्हणजे रुग्णालयात, त्यातही आयसीयूत जावं लागणं. लसीचे दोन डोस आधी झालेल्यांमध्ये धोका कमी दिसतो. 'फॉस्प-कोविड'मध्ये वर्षभरानंतरही बरं न वाटण्याशी तीन गोष्टी ठळकपणे जोडलेल्या होत्या: स्त्री असणं, स्थूलता आणि व्हेंटिलेटर.

यात एक विसंगती आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. करोनानं मृत्यू येण्याचा धोका पुरुषांना जास्त होता, पण दुखणं रेंगाळण्याचा धोका बायकांना जास्त आहे. 'वाचली ना, मग झालं' असं घरात म्हटलं जातं तेव्हा तिचं उरलेलं दुखणं कोणी मोजत नाही. माझ्याकडे बायका उशिरा येतात, आणि आल्या तरी बरोबरचा माणूस आधी सांगतो की 'तिला टेन्शन आहे'.

जोखमीची यादी ही समूहाबद्दल असते. यादीतलं काही नसलेला तरुणही अडकतो आणि सगळं असलेला आजोबा खडखडीत बरा होतो.

यादीचा खरा उपयोग काय तपासायचं ते ठरवायला. मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड दिले असतील तर साखर बघाच. स्टेरॉइडनं मांड्या-खांद्यांचे स्नायूही कमजोर होतात, झोप जाते, मूड बिघडतो. जांघेत दुखून लंगडावं लागत असेल तर खुब्याचा एमआरआय लागू शकतो. स्टेरॉइडनंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा प्रकार होतो आणि तो सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही. दम लागत असेल तर निव्वळ एक्स-रेवर समाधान मानू नका. बसल्या जागी ऑक्सिजन ९७ असलेला माणूस चालल्यावर खाली येतो, म्हणून सहा मिनिटं चालवून पाहतात. फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ती डीएलसीओ चाचणी अशा वेळी पुष्कळ सांगते. उभं राहिल्यावर धडधड होत असेल तर आधी आडवं ठेवून आणि मग उभं करून दहा मिनिटं नाडी व रक्तदाब मोजावा. रक्तदाब न घसरता नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा जास्त वाढून तशीच राहत असेल, तर त्याला स्वतंत्र निदान आणि उपचार आहेत.

वाट पाहू नये अशा गोष्टी: अचानक वाढलेला दम, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, एका पोटरीला सूज, चक्कर येऊन कोसळणं, चेहऱ्याची एक बाजू दुखणं किंवा नाकातून काळपट स्राव, आणि जगण्यात अर्थ नाही असे विचार. यात इंटरनेटवर विचारत बसू नका, तातडीनं दवाखाना गाठा.

---

मृदगंध

अवांतर नाही, पण विषाणू वेगळा. मला चिकुनगुनिया झाला होता. ताप आठवड्यात गेला, सांधे कित्येक महिने सोडेनात. सकाळी मूठ मिटत नव्हती. मला कळलं की वय जास्त असणं, सुरुवातीचा आजार जोरात असणं आणि सांध्यांचं जुनं दुखणं असणं, यांत हे जास्त लांबतं. करोनानंतर लोकांना हा विषय नवा वाटतो, पण आम्ही आधीपासून आहोत.

---

रानवारा

अगदी. २००३ च्या सार्सनंतरही थकवा आणि फुप्फुसाची घटलेली क्षमता काही रुग्णांत वर्षानुवर्षं राहिली. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीतून वाचलेल्यांना सांधेदुखी, विसराळूपणा आणि डोळ्यांच्या आतली सूज आली. डेंग्यूनंतरचा थकवा तर रोज पाहतो.

---

कोवळं_ऊन

वास गेलेल्यांसाठी एक लिहिते. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी साधारण वीस सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे. निदान तीन महिने सोडायचं नाही. मला आधी सगळ्याला जळल्यासारखा वास यायचा, नंतर लिंबू पहिल्यांदा ओळखू आलं.

---

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांशी बसून बोलले.

दुसऱ्या दिवसाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. चालल्यावर मांड्या थरथरतात, दम लागतो, पण रात्र गेली की पूर्ववत, असं ते म्हणाले. उशिरा येणारी घसरण नाही वाटत. खुर्चीतून उठायला लावलं, हात टेकल्याशिवाय उठता येईना. पांथस्थ, तुमचं वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'मला वाटायचं मला बोटीच्या तळघरात टाकलंय, पाणी वर येतंय.' हे त्यांनी इतके महिने कोणालाच सांगितलं नव्हतं. डिस्चार्ज कार्ड घेऊन आम्ही तारखेवार सगळं बोललो.

डॉक्टरांनी सहा मिनिटांची चाचणी आणि डीएलसीओ लिहून दिली आहे. सायंतारा, तोवर घरी काही करता येईल का?

---

सायंतारा

चालण्याच्या चाचणीचा निकाल येईपर्यंत दम लागेल असं काही नको. खुर्चीतून उठण्यापासून सुरुवात करा. खुर्ची भिंतीला टेकवा, बसायची जागा उंच करायला वर घट्ट उशी ठेवा, म्हणजे हात कमी टेकावे लागतील. जितक्या वेळा सहज जमतं त्याच्या निम्म्या वेळा, दिवसातून दोनदा. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. शेजारी कोणीतरी उभं राहा. बोटाला ऑक्सिमीटर लावून आधी आणि नंतर आकडा लिहा. तीन-चार टक्क्यांनी किंवा जास्त घसरला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. उशी काढूनही हात न टेकता उठता आलं की पुढची पायरी सांगेन.

पहिला आठवडा त्यांना दोन्ही प्रश्न विचारत राहा, आज कसं वाटलं आणि काल केलेल्याचं आज काय झालं. दुसऱ्याचं उत्तर बिघडायला लागलं तर व्यायाम लगेच बंद, मग बेत बदलावा लागेल.

आणि तुमची झोप होतेय का? आयसीयूतून आलेल्या माणसाच्या घरच्यांनाही नैराश्य आणि भीती पुष्कळदा येते. रात्री बाबा दचकले की उठायची पाळी दोघांत वाटून घ्या.